हाताने फिरवायचा कॉफीचा ड्रम : फिरवणं सोपं, रिकामा करणं अवघड

घरी कॉफी भाजायला हाताने फिरवायचा ड्रम घ्यावा, किंवा कराड-मिरजेच्या एखाद्या वर्कशॉपमधून करून घ्यावा, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. कॉफी हे काही आपल्या सातारा-सांगलीचं मुख्य पीक नव्हे. कच्च्या बिया आपल्याकडे बहुतेक कर्नाटकातून, कोडगू-चिक्कमगळूरकडून येतात. पण दांडा धरून फिरवायचा ड्रम मात्र आपल्याला परका नाही. आज आपण इथूनच सुरुवात करूया.

सांगलीकडे हळद काढली, शिजवली, दहा-पंधरा दिवस वाळवली, की पॉलिशला येते. आता बहुतेक ठिकाणी मोटार आली आहे, पण मूळ साधन म्हणजे जाळीचा आडवा ड्रम, मधून जाणारा कणा आणि टोकाला दांडा. हळकुंडं एकमेकांवर आणि जाळीवर घासतात, साल निघते, भुसा जाळीतून खाली पडतो. कॉफीचा ड्रमही दिसायला असाच असतो, फक्त लहान, आणि खाली विस्तव. इथे घासायचं नसतं. प्रत्येक बी सतत हलती ठेवायची, म्हणजे तापलेल्या पत्र्याला ती एकाच अंगाने चिकटून राहत नाही. कढईत कॉफी भाजली की डाग पडतात, ते याच कारणाने.

मग ड्रम किती वेगाने फिरवायचा? फार हळू फिरवला तर बिया तळाशी नुसत्या घसरत राहतात. फार जोरात फिरवला तर त्या भिंतीला चिकटून ड्रमबरोबरच फिरतात, म्हणजे मिसळणं बंदच. हा चिकटण्याचा वेग ड्रमच्या व्यासावर ठरतो. व्यास २० सेंटिमीटर असेल तर तो मिनिटाला साधारण ९५ फेरे येतो. हळदीचा ड्रम समजा ९० सेंटिमीटरचा धरला, तर ४५ फेऱ्यांच्या आसपास. आपण याच्या निम्म्याने चालावं. म्हणजे लहान ड्रमला मिनिटाला ४५ ते ५० फेरे. हळदीच्या ड्रमचा संथ हात इथे थोडा चपळ करावा लागतो. आतून दोन-तीन आडव्या पट्ट्या जोडल्या की बिया उचलून खाली पडतात आणि काम सोपं होतं. ड्रम एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, कारण भाजताना बिया फुगतात, कधीकधी दुपटीच्या जवळ जातात.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. पहिली चार-सहा मिनिटं बियांतलं पाणी जातं. हिरव्याचा पिवळा रंग होतो. आधी ओल्या गवतासारखा वास, मग भाकरी भाजल्यासारखा. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पहिला आवाज येतो. लाह्या फुटतात ना, तसा. कॉफीवाले याला फर्स्ट क्रॅक म्हणतात. त्यानंतर काही मिनिटांत दुसरा आवाज सुरू होतो, बारीक तडतड. त्यापुढे बियांवर तेल येतं, मग धूर वाढतो, आणि मग कोळसा.

आता खरी अडचण पहा. पहिल्या आवाजाच्या सुमारास बिया नुसती उष्णता घेत नाहीत, स्वतःही सोडू लागतात. तुम्ही गॅस बंद केलात म्हणून भाजणं थांबत नाही. पत्रा तापलेला, बिया तापलेल्या, आणि ड्रम बंद. हळदीच्या पॉलिशला पाच मिनिटं जास्त झाली तर फारसं बिघडत नाही. कॉफीला अर्धं मिनिट पुष्कळ झालं. म्हणून आम्ही म्हणतो, ड्रमचा कस फिरवताना लागत नाही, रिकामा करताना लागतो.

यंत्रांचा इतिहासही हेच सांगतो. १८४६ मध्ये बोस्टनच्या जेम्स कार्टर यांनी भट्टीत फिरणाऱ्या ड्रमचं पेटंट घेतलं. पण कॉफी झाली की अख्खा तापलेला ड्रम भट्टीबाहेर ओढावा लागे. १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्स यांनी असं यंत्र केलं की ड्रम विस्तवावरून न काढताच बिया बाहेर पडाव्यात. सगळी सुधारणा कशासाठी? तर वेळेवर बाहेर काढण्यासाठी.

आणि हे आपल्या फुटाणेवाल्याला चांगलं ठाऊक आहे, बरं का. तो तापलेल्या वाळूत हरभरा हलवतो, आणि वेळ झाली की चाळणीत उपसतो. वाळू खाली, फुटाणे वर. दाणा विस्तवापासून काही क्षणांत वेगळा. म्हणजे फिरवणं हळदीच्या ड्रमकडून शिकावं आणि काढणं फुटाण्याच्या भट्टीकडून.

तेव्हा ड्रम करून घेताना पाच गोष्टी सांगा. एक, दार मोठं हवं आणि एका खटक्यात उघडणारं. आठ स्क्रू काढायचे असतील तर तो ड्रम नको. दोन, कणा घोडीवरून चटकन उचलता यावा, म्हणजे ड्रम सरळ चाळणीवर उलटा करता येईल. तीन, दांड्याला लाकडी मूठ हवी. चार, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा जुना तेलाचा डबा अजिबात वापरू नका. विस्तवावर मुलाम्यातून निघणारा धूर आणि डब्यातलं जुनं तेल, दोन्ही घातक. स्टेनलेस स्टील घ्या. पाच, पत्र्याला बारीक भोकं असावीत, म्हणजे वाफ बाहेर पडते.

घरात मात्र शिस्त हवी. ड्रम रिकामा फिरवून दार किती सेकंदांत उघडतं ते आधी पाहून घ्या. दुसरा माणूस चाळणी धरायला हवाच. पहिला आवाज सुरू होण्याआधी आच कमी करा. बिया चाळणीत पडल्या की पंख्याखाली धरून हलवत राहा, तीन-चार मिनिटांत हाताला गार लागल्या पाहिजेत. मग सुपात घेऊन पाखडा, वरचा पापुद्रा उडून जातो. हा पापुद्रा फार हलका, ठिणगीवर लगेच पेटतो. म्हणून हे काम अंगणात किंवा गच्चीवर करा. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही येत नाही.

पाव किलो कच्च्या बिया भाजून साधारण २१० ते २१५ ग्रॅम उतरतात, हेही लक्षात असू द्या. गडद भाजली तर आणखी कमी. भाजलेल्या बियांतून कर्बवायू निघत राहतो, म्हणून पहिला दिवस डब्याचं झाकण घट्ट लावू नका, आणि दळायचं ते दुसऱ्या दिवशी.

पहिल्या वेळी शंभर ग्रॅमच घ्या. दांडा फिरवणारा एक, ऐकणारा एक, असं करा. पुढच्या वेळी किती आधी थांबायचं, ते तुमचे तुम्हीच ठरवाल. आता तुमचे प्रश्न घेऊया.