लहान रांगेत जास्त वेळ का जातो? पार्कातल्या राइड्सचे साधे गणित

गेल्या हिवाळ्यात आम्ही नववीच्या मुलींना घेऊन एका ॲम्युझमेंट पार्कात सहलीला गेलो होतो. दुपारचे चार वाजले होते. साडेपाचला बस सुटणार होती, कारण इशाच्या अजानआधी मुली आपापल्या घरी असतील असा शब्द आम्ही पालकांना दिलेला. हातात दीड तास, आणि दोनच मोठ्या राइड्स राहिलेल्या. एक भलामोठा रोलर कोस्टर, दुसरा उंचावरून धाडकन खाली सोडणारा टॉवर. कोस्टरची रांग बाहेरच्या रस्त्यापर्यंत आलेली, तीनशे तरी माणसे असतील. टॉवरची रांग त्याच्या निम्मी. मुली म्हणाल्या, "आधी हे छोटं उरकून घेऊ, मग तिकडे जाऊ."

आम्हीही होकार दिला. टॉवरच्या रांगेत एक तास पाच मिनिटे गेली. खाली उतरलो तेव्हा बसची वेळ होत आलेली. ज्या कोस्टरसाठी मुलींनी महिनाभर पैसे साठवले होते, तो लांबूनच बघून परत आलो. एकजण तर गेटपर्यंत मागे वळून वळून बघत होती. आम्ही गणित शिकवतो, आणि चूक गणिताचीच होती.

झाले असे की, टॉवरवर एका वेळी 12 जण बसायचे. बसवणे, पट्टे तपासणे, वर नेणे, सोडणे, उतरवणे, सगळे मिळून एका फेरीला पाच मिनिटे. म्हणजे तासाला 144 माणसे. पुढे दीडशे उभी असतील तर तासाच्या वर वेळ जाणारच. कोस्टरच्या गाडीत 28 जागा होत्या आणि साधारण दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटत होती. तासाला 840 माणसे. तीनशे माणसांची ती भीती वाटावी अशी रांग बावीस मिनिटांच्या आत संपली असती. दुप्पट लांब रांग, एक तृतीयांश वेळ.

राइडची रांग बघून आपण समजतो की जिथे गर्दी जास्त, ती राइड जास्त चांगली. तसे नसते. रांग किती माणसे आली हे जेवढे सांगते, तेवढेच राइड माणसांना किती भराभर आत घेते हेही सांगते. पार्कवाले याला राइडची तासाची क्षमता म्हणतात, आणि राइड विकत घेतानाच हा आकडा बघतात.

उरुसातला आकाशपाळणा आठवा. माहीमच्या उरुसात लहानपणी आम्ही अब्बूंचा हात धरून त्याच्याखाली उभे राहायचो. पाळणेवाला एक पाळणा खाली आणतो, दोघांना उतरवतो, दोघांना बसवतो, मग चाक थोडे पुढे ढकलतो, पुढचा पाळणा. समजा बारा पाळणे आणि प्रत्येकाला वीस सेकंद, तर चार मिनिटे नुसती भरण्यात गेली. फिरवले तीनच मिनिटे! पैसे देणाऱ्याला वाटते फेरी लहान झाली, पण खरा वेळ खातो तो चढ-उतार. फिरत्या कपबशा, होडीचा झोका, टॉवर, या सगळ्यांची हीच गोष्ट. एक फेरी पूर्ण संपल्याशिवाय दुसरी भरता येत नाही.

रोलर कोस्टरचा फायदा असा की त्याला दोन किंवा तीन गाड्या असू शकतात. एक रुळावर पळत असते तेव्हा दुसरी स्टेशनात भरत असते. त्याहून पुढची युक्ती अमेरिकेतल्या डिस्नीलँडची. तिथे 1969 मध्ये सुरू झालेल्या हाँटेड मॅन्शन या भुताच्या वाड्यात खुर्च्यांची साखळी थांबतच नाही. बाजूला सरकता पट्टा असतो, माणूस त्यावर चालत चालत खुर्चीत बसतो. तासाला दोन हजारांहून जास्त माणसे आत जातात, त्यामुळे रांग लांब दिसली तरी चालत राहते. उलट त्याच पार्कात 1955 पासून असलेली पीटर पॅनची राइड घ्या. छताला टांगलेल्या छोट्या होड्या, लहान मुलेही न घाबरता बसतील इतकी सौम्य. तरीही तिची रांग कित्येकदा मोठमोठ्या थरारक राइड्सपेक्षा जास्त वेळ घेते. एका होडीत माणसे थोडी, आणि बसायला मात्र सगळेच येतात.

हे दुसरे कारण. थरारक राइडच्या दारात उंची मोजायची पट्टी असते. त्याखालची मुले बाद. गरोदर बायका, हृदयविकाराचे किंवा मणक्याचे रुग्ण बाद. मग जे घाबरतात ते, आणि जेवणानंतर मळमळेल म्हणणारे. सहा जणांच्या कुटुंबातले दोघेच वर जातात. दादी, अम्मी आणि धाकटी मुले खाली बॅगा सांभाळत बसतात. पण पाण्यातली होडी किंवा अंधारातली आगगाडी असली की सहाच्या सहा रांगेत. म्हणून सर्वात भीतिदायक राइडची रांग पुष्कळदा मधल्या दर्जाच्या राइडपेक्षा लहान असते. भीती हीसुद्धा एक चाळणी आहे.

आता कुणी विचारेल, दोन गाड्यांनी रांग लवकर सरते, तर चार-पाच गाड्या का लावत नाहीत? इथे थोडे थांबून समजून घेतले पाहिजे, कारण हा जिवाचा प्रश्न आहे.

कोस्टरचा रूळ तुकड्यांत वाटलेला असतो. एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी, असा कडक नियम. पुढचा तुकडा रिकामा झाल्याचे सेन्सरने कळवले नाही तर संगणक मागची गाडी रोखून धरतो. आपल्या रेल्वेच्या सिग्नलसारखेच. म्हणून कधी कधी गाडी चढावर मध्येच थांबते आणि लोक ओरडायला लागतात. खरे म्हणजे तेव्हा यंत्रणा आपले काम चोख करत असते.

इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स पार्कात 2 जून 2015 ला काय झाले ते बघा. 'स्मायलर' नावाच्या कोस्टरवर त्या दिवशी चार गाड्या चालू होत्या, गर्दी वाढली म्हणून पाचवी रुळावर आणली. एक रिकामी गाडी चाचणीसाठी सोडली, ती मध्येच अडकली. संगणकाने 16 प्रवाशांची मागची गाडी थांबवली. पाचवी गाडी रुळावर आहे हे दुरुस्तीवाल्यांच्या लक्षात नव्हते. त्यांना वाटले यंत्रणा उगाच अडवते आहे, म्हणून त्यांनी ती बाजूला सारून गाडी पुढे सोडली. ती रिकाम्या गाडीवर जाऊन आदळली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी न्यायालयाने पार्क चालवणाऱ्या कंपनीला 50 लाख पौंडांचा दंड केला. रांगेत उभे राहून आपण "लवकर सोडा ना!" म्हणतो, तेव्हा हे आठवलेले बरे.

मात्र गर्दी नसलेल्या दिवशी नेमके उलटे होते. पार्कवाले दुसरी गाडी बाहेर काढतात. कर्मचारी कमी लागतात, झीज कमी होते, दुरुस्तीचे कामही करता येते. मग मंगळवारी दुपारी अर्धे पार्क रिकामे असूनही कोस्टरची रांग रविवारएवढीच का, याचे कोडे पडते. एका गाडीने दर जवळपास निम्मा झालेला असतो, बाकी काही नाही.

गाडी सुटायला लागणारा वेळ काही अंशी आपल्याही हातात असतो. खोपोलीजवळच्या इमॅजिकात 2013 पासून 'नायट्रो' हा कोस्टर आहे. त्याच्या गाडीला पायाखाली फरशीच नाही, पाय लोंबकळत राहतात. स्टेशनात चढण्या-उतरण्यासाठी खालून फलाट येतो, सगळ्यांचे खांद्यावरचे दांडे पक्के झाले की तो सरकतो आणि मगच गाडी निघते. अशा राइडवर एका माणसाने खिशातला मोबाईल काढायला वीस सेकंद लावले की बाकीचे सगळे वीस सेकंद बसून, आणि मागची पूर्ण रांग उभी. दर फेरीला दोन मिनिटांऐवजी अडीच मिनिटे लागली तर तासाला 840 ऐवजी 672 माणसे जातात. मोबाईल, चष्मा, चपला, पाण्याची बाटली, आणि आपल्या घरांत यात दुपट्टा, स्कार्फ, बुरखाही येतो.

याबद्दल मोकळेपणाने बोलायला हवे. सुटे कापड चाकात किंवा साखळीत अडकले तर गळ्याला फास बसू शकतो. गो-कार्टमध्ये हा धोका सर्वात जास्त, कारण चाक आणि इंजिन अगदी पाठीशी असते. त्यामुळे नियम असणे गैर नाही. पण नियम आधी कळला पाहिजे, ऐन दारात नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या राय प्लेलँड पार्कात 2011 च्या ईद-उल-फित्रला मुस्लिम कुटुंबे हजारोंच्या संख्येने गेली होती. डोक्यावर काही घालून ठरावीक राइड्सवर बसता येणार नाही, असे हिजाब घातलेल्या बायका-मुलींना राइडपाशी सांगण्यात आले. वाद वाढला, धक्काबुक्की झाली, पोलीस आले आणि 15 जणांना अटक झाली. ईदच्या दिवशी! म्हणून निघण्याआधी पार्कात फोन करून हे विचारून घ्यावे. आमच्या मुली पिना न लावता घट्ट बसणारी टोपीसारखी हिजाब घालतात, टोके आत खोचतात आणि बुरख्याऐवजी लांब कुर्ता-सलवार. कुठे चालेल, कुठे नाही, हे शेवटी राइडवरचा माणूस ठरवतो, पण फलाटावर गाडी अडवून उलगडत बसावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट रांगेत उभ्या माणसाला दिसत नाही. जास्त पैसे भरलेल्यांची एक्स्प्रेस रांग. डिस्नीने अमेरिकेतल्या पार्कांत 1999 मध्ये फास्टपास सुरू केला तेव्हा तो फुकट होता, सगळ्यांना सारखा. 2021 मध्ये तो बंद करून पैशांची सोय आणली. आपल्याकडेही जादा पैशांची एक्स्प्रेस तिकिटे निघाली आहेत. पण राइडच्या खुर्च्या तेवढ्याच राहतात. समजा निम्म्या खुर्च्या एक्स्प्रेसवाल्यांना गेल्या, तर साध्या रांगेसाठी 840 चे 420 झाले आणि बावीस मिनिटांची रांग 43 मिनिटांची झाली. रांग एक इंचही वाढलेली नाही, फक्त वेळ वाढला. श्रीमंताचा वाचलेला वेळ कुणाच्या तरी खिशातूनच जातो, असे आम्हाला तरी वाटते. पाच जणांची तिकिटे काढतानाच दमछाक झालेल्या रिक्षावाल्या बापाने काय करावे? निदान एक्स्प्रेसच्या दारातून किती जण आत जात आहेत, हे मोजून मग रांगेत शिरावे.

मोजायचे कसे, हे 1961 मध्ये जॉन लिटल या अमेरिकन गणितज्ञाने सिद्ध केलेल्या नियमात आहे. रांगेतली माणसे म्हणजे दर मिनिटाला आत जाणारी माणसे गुणिले थांबण्याची मिनिटे. बँक असो, रेशनचे दुकान असो की दवाखाना, सगळीकडे चालते. सहावीतल्या मुलालाही जमेल. राइडच्या बाहेर घड्याळ लावून पाच मिनिटे उभे राहा. किती गाड्या सुटल्या, प्रत्येकीत साध्या रांगेतले किती जण बसले, ते मोजा. रिकाम्या सुटलेल्या खुर्च्या धरू नका. तिघांचे कुटुंब चौघांच्या ओळीत बसले की एक खुर्ची वाया जाते. मग रांगेतली डोकी अंदाजे मोजा आणि भागाकार करा. सकाळी गेट उघडताच कमी क्षमतेच्या राइड्स गाठाव्यात: टॉवर, झोका, लहान मुलांची चक्रे. तेव्हा तिथे रांग नसते. भराभर माणसे घेणारा कोस्टर जोहरच्या नमाजनंतर आणि जेवणानंतर केला तरी फारसे बिघडत नाही. बासी ईदच्या दिवशी जात असाल तर हे जास्तच लक्षात ठेवा, कारण त्या दिवशी आपले सगळे नातेवाईकही तिथेच भेटतात.

यंदाच्या नववीला आम्ही हे गणित सहलीच्या आदल्या आठवड्यात फळ्यावर शिकवले. पार्कात शिरताच मुलींनी आधी टॉवर उरकला, आठ मिनिटांत. दुपारी कोस्टरपाशी दोघीजणी घड्याळ धरून उभ्या राहिल्या, एकीने वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. उत्तर आले 25 मिनिटे. प्रत्यक्षात 31 लागली. सहा मिनिटांचा फरक कुठून आला म्हणून परतीच्या बसमध्ये चर्चा चालली होती, तेव्हा मागच्या सीटवरून हळूच आवाज आला, "सर, दोन वेळा गाडी थांबली ना, त्यातल्या एकदा माझाच मोबाईल होता."