इल निनो : कोंगाच्या ठेक्यावरचं मेटल

मॅनहॅटनच्या समोर, हडसन नदीच्या पलीकडे न्यू जर्सीतलं युनियन सिटी आहे. क्यूबातून आलेल्या इतक्या कुटुंबांनी तिथे घरं केली, की लोक त्याला ‘हडसनकाठचं हवाना’ म्हणू लागले. 1998 मध्ये याच गावात एक मेटल बँड उभा राहिला. सुरुवातीला त्याचं नाव ‘एल निनो’ होतं, आपण पावसाच्या बातम्यांत ऐकतो तेच. पुढे त्याचं ‘इल निनो’ झालं. ड्रमर डेव्ह चवारी मूळचा पेरूचा. क्रिस्टियन माचादो ब्राझीलमध्ये जन्मलेला, आधी बास वाजवणारा, नंतर गायक झालेला. गाणी इंग्रजीत, आणि मध्येच स्पॅनिशमध्ये.

लॅटिन ताल आणि मेटल एकत्र आणण्याचं श्रेय त्यांच्या एकट्याचं नाही. ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरातल्या सेपुल्तुरा बँडने ‘रूट्स’ या 1996 च्या अल्बमसाठी शावांते आदिवासींकडे जाऊन त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रण केलं आणि बाहियाच्या कार्लिन्यूस ब्राउनला तालवाद्यांसाठी बोलावलं. त्याच वर्षाच्या अखेरीस गायक मॅक्स कावालेरा बाहेर पडला आणि त्याने सोलफ्लाय हा बँड काढला. पोर्तो रिकोच्या पुया बँडचा ‘फंडामेंटल’ हा अल्बम 1999 चा, निर्माता गुस्ताव्हो सांताओलाया. पुयामध्ये साल्साचे ब्रास गरजतात, आणि पुढच्याच क्षणी गिटारी तुटून पडतात. सांधा इतका निर्धास्त, की आजही थक्क व्हायला होतं. पुयाला मिळायला हवी होती तेवढी कीर्ती मिळाली नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

इल निनोचा मार्ग वेगळा होता. पुयात साल्सा आणि मेटल आळीपाळीने येतात. इथे दोन्ही एकाच वेळी वाजवायचे होते, आणि ते फार अवघड. खाली उतरवून लावलेल्या गिटारी, बास आणि दुहेरी बास ड्रम मिळून खालचा सगळा पट्टा भरून टाकतात. कोंगा या हाताने वाजवायच्या तालवाद्याचा आवाज त्यात सहज बुडतो. टिंबाले या तालवाद्याचा धातूचा टणत्कार मात्र त्या गोंगाटातून वर येतो, कारण तो उंच पट्टीत आहे. ढोलांच्या गजरातही ताशा वेगळा ऐकू येतो, तसंच हे. म्हणून सहा जणांच्या या बँडमध्ये ड्रमरखेरीज तालवाद्यांसाठी एक स्वतंत्र वादक होता, आणि गिटारी क्षणभर थांबतील अशा जागा गाण्यात ठेवलेल्या असत. त्या जागांत कोंगा बोलायची, मार्क रिझोची फ्लामेंको ढंगाची गिटार बोलायची. ‘रेव्होल्यूशन रेव्होल्यूसिओन’ हा पहिला अल्बम सप्टेंबर 2001 मध्ये रोडरनर कंपनीने काढला. तेव्हा सेपुल्तुरा आणि सोलफ्लायचीही हीच कंपनी होती.

काळ अनुकूल होता. त्याच सुमारास सिस्टम ऑफ अ डाउनचा ‘टॉक्सिसिटी’ आणि स्लिपनॉटचा ‘आयोवा’ आले होते. न्यू मेटलची लाट ऐन भरात होती. इल निनोलाही त्याच लाटेतला बँड म्हणून विकलं गेलं. त्यातून श्रोते मिळाले. पुढचं नुकसानही तिथूनच सुरू झालं.

2003 मध्ये रिझो बाहेर पडला आणि सोलफ्लायमध्ये गेला. तालवादक रॉजर वास्केझही गेला. मशीन हेड बँडमधून अहरू लस्टर आला, तालवाद्यांवर डॅनी कूटो बसला. त्या वर्षीच्या ‘कन्फेशन’मधलं ‘हाऊ कॅन आय लिव्ह’ हे गाणं ‘फ्रेडी व्हर्सेस जेसन’ या भयपटाच्या संगीतसंग्रहात गेलं आणि बँडचं सर्वांत ओळखीचं गाणं ठरलं. गाणं चांगलंच आहे, माचादोचा आवाज त्यात मनापासून दुखावलेला आहे. पण रेडिओला मानवेल अशा या गोड वळणात तालवाद्यांना मागे सरकावं लागलं. इतर बँडांपासून इल निनोला वेगळं काढणारी गोष्टच अशी कोपऱ्यात गेली.

मग लाट ओसरली. तरुण श्रोते मेटलकोअरकडे वळले. 2005 च्या ‘वन नेशन अंडरग्राउंड’नंतर रोडरनरशी संबंध संपला. 2008 चा ‘एनिग्मा’, मग व्हिक्टरी कंपनीकडचे अल्बम, 2014 चा ‘टिल डेथ, ला फॅमिलिया’. काम चालू होतं, त्यात जोरही होता; ऐकणारे कमी झाले होते. 2019 मध्ये बँड दुभंगला. माचादो, लस्टर आणि गिटारवादक दिएगो वेर्दुस्को एका बाजूला, चवारी आणि बासवादक लाझारो पिना दुसऱ्या बाजूला. नावाच्या हक्कावरून वाद कायदेशीर लढाईपर्यंत गेला आणि तडजोडीत नाव चवारीच्या गटाकडे राहिलं. निघालेल्यांनी ‘लायन्स ॲट द गेट’ काढला. फुटीआधीच्या शेवटच्या अल्बमच्या शीर्षकात ज्यांनी मरेपर्यंतचं कुटुंब म्हटलं, त्यांचं पाच वर्षांत असं व्हावं, हे वाचताना चाहत्यांना किती लागलं असेल!

न्यू मेटलवर टीका करणाऱ्यांनी या बँडलाही त्याच गठ्ठ्यात बांधून टाकलं. मला तो अन्याय वाटतो. कच्च्या जागा असूनही पहिला अल्बम स्थलांतरितांच्या मुलखातून आलेलं अस्सल काम आहे. ढोल-ताशावर वाढलेल्या आपल्या कानांना तो परका वाटणार नाही. आधी ‘रूट्स’, मग ‘फंडामेंटल’, मग ‘रेव्होल्यूशन रेव्होल्यूसिओन’, असे तिन्ही क्रमाने ऐका, आणि ऐकताना लक्ष गिटारीकडे न देता कोंगाकडे द्या.