तक्रारीचा पडदा : आधी कागदावर

गावातील हापसा बंद पडला, रस्त्यावरील दिवा लागेनासा झाला, शाळेचे छत गळू लागले की नागरिक तक्रार करतो. तक्रार नोंदवून घेणे हे प्रशासनाचे पहिले कर्तव्य होय. परंतु तिचे पुढे काय झाले, ती कोणाकडे आहे आणि केव्हा सुटेल, हे तक्रारदाराला समजणे तितकेच अगत्याचे आहे. जळगाव जिल्ह्याचे १५ आणि धुळे जिल्ह्याचे ४ असे मिळून १९ तालुके आहेत. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यापासून साक्री-शिरपूरच्या आदिवासी पाड्यांपर्यंत पसरलेल्या या मुलुखात केवळ चौकशीसाठी तालुक्याच्या गावी जावयाचे, तर मजुराचा एक दिवस बुडतो.

ही अडचण दूर करण्याचे प्रयत्न नवे नाहीत. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन होतो. २०१५ मध्ये राज्यात ‘आपले सरकार’ ही संगणकीय सुविधा सुरू झाली. त्याच वर्षी अमलात आलेल्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवेसाठी केलेल्या अर्जाला स्वतंत्र क्रमांक देण्याची तरतूद केली. तथापि नागरिकाच्या हाती क्रमांक आला तरी पडद्यावरील मजकूर त्याला उमगला नाही, तर त्या क्रमांकाचा उपयोग मर्यादितच राहतो.

मुक्तस्रोत प्रणाली

तक्रारींचा मागोवा ठेवणाऱ्या संगणक प्रणाली प्रथम संगणक व्यावसायिकांनी स्वतःच्या गरजेतून तयार केल्या. १९९८ मध्ये मोझिला प्रकल्पाने ‘बगझिला’ ही प्रणाली सर्वांना खुली केली. अशा प्रणालींना ‘ओपन सोर्स’ किंवा मुक्तस्रोत म्हणतात. त्यांची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता येते, बदलता येते आणि परवाना शुल्क न भरता वापरता येते. शासकीय कामात मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र शासनानेही २०१५ मध्ये स्वीकारले.

बगझिलातील दोन गोष्टी ग्रामीण प्रशासनालाही मार्गदर्शक ठराव्यात. पहिली म्हणजे, एकाच दोषाविषयी अनेकांनी नोंद केली, तर त्या नोंदी मूळ नोंदीला जोडल्या जातात. दुसरी अधिक महत्त्वाची. ‘दोष दूर केला’ आणि ‘दोष दूर झाल्याची खात्री केली’ या तेथे दोन वेगळ्या अवस्था आहेत. ब्रिटनमध्ये २००७ पासून चालू असलेली ‘फिक्समायस्ट्रीट’ ही रस्त्यांविषयीच्या तक्रारींची मुक्तस्रोत प्रणाली तर चार आठवड्यांनी तक्रारदारालाच विचारते, की अडचण दूर झाली काय?

परंतु बगझिलाचे पडदे संगणकतज्ज्ञांनी संगणकतज्ज्ञांसाठी रचलेले आहेत. नोंद करणाऱ्याला तेथे उत्पादन, घटक, आवृत्ती, तीव्रता अशी माहिती विचारली जाते. हापशाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला त्यातील एकही रकाना भरता येणार नाही. म्हणून प्रणाली तीच ठेवली तरी पडद्याची मांडणी नव्याने करावी लागते.

मॉकअप म्हणजे काय?

घर बांधण्यापूर्वी नकाशा काढतात, त्याप्रमाणे आज्ञावली लिहिण्यापूर्वी पडद्याचे जे चित्र काढतात त्यास मॉकअप किंवा नमुना-आराखडा म्हणतात. ते संगणकावर काढता येते, पण आरंभी कागद व पेन्सिल पुरेशी असतात. स्कँडिनेव्हियात १९८१ ते १९८५ या काळात ‘युटोपिया’ नावाचा एक प्रकल्प झाला. त्यात वृत्तपत्रांच्या छपाई कामगारांसाठी संगणकाची साधने आखताना लाकडाचे व पुठ्ठ्याचे नमुने वापरले गेले. यंत्र अस्तित्वात येण्यापूर्वीच, ते कसे असावे हे कामगारांना त्यामुळे सांगता आले.

याची रीत सोपी आहे. प्रथम वापरणारे कोण, याची यादी करावी : तक्रारदार, ग्रामपंचायत अधिकारी, हातपंप दुरुस्त करणारा कर्मचारी आणि गटविकास अधिकारी. प्रत्येकाला दिसणारा प्रत्येक पडदा वेगळ्या कागदावर काढावा. मग प्रत्यक्ष वापरणाऱ्यास समोर बसवून ‘हापसा बंद असल्याची तक्रार नोंदवा’ एवढेच सांगावे. तो जेथे बोट ठेवील त्यानुसार दुसऱ्याने संगणकाची भूमिका घेऊन पुढचा कागद समोर ठेवावा. या वेळी मदत करू नये. तो कोठे थांबला, एवढेच टिपून घ्यावे. जेकब नील्सन यांच्या अभ्यासानुसार एका प्रकारच्या पाच जणांकडून तपासून घेतले, तरी बहुतेक ठळक अडचणी ध्यानात येतात.

खानदेशासाठी विचार

या भागासाठी आराखडा करताना काही गोष्टींकडे लक्ष द्यावे लागेल. अनेकांची घरची बोली अहिराणी आहे, तर सातपुड्याच्या पाड्यांत भिल्ली व पावरी बोलल्या जातात. तेव्हा रकान्यातील शब्द कार्यालयीन नसावेत. ‘जलस्रोताचा प्रकार’ यापेक्षा ‘हापसा, विहीर की नळ?’ हा प्रश्न चटकन समजतो. शेजारी चित्र असल्यास उत्तम. पिंप्री, पिंपळगाव, वडगाव अशा नावांची गावे अनेक आहेत. म्हणून केवळ गावाचे नाव लिहून न घेता आधी जिल्हा, मग तालुका व नंतर गाव निवडता यावे. ई-मेलचा रकाना अनिवार्य केल्यास ज्यांच्याकडे तो नाही ते तेथूनच परततील. आराखड्यात इंग्रजी मजकूर तात्पुरता भरून ठेवू नये. देवनागरीत वरच्या व खालच्या मात्रांना जागा लागते आणि ती न ठेवल्यास अक्षरे कापली जातात.

दहा जणांनी एकाच हापशाची तक्रार केली, तर ‘या हापशाची तक्रार आधीच आली आहे, आपले नाव जोडावे काय?’ असा प्रश्न पडद्यावर यावा. त्यामुळे दुरुस्तीचे काम एकदाच नोंदले जाते आणि किती घरांची गैरसोय होत आहे, हेही अधिकाऱ्यास दिसते.

‘निकाली’ या शब्दाचा अर्थ

सर्वांत जपून वापरावयाचा शब्द म्हणजे ‘निकाली’. पत्र संबंधित खात्याकडे पाठविले म्हणजे कार्यालयाच्या दृष्टीने प्रकरण निकाली निघते. गावातील बाईच्या दृष्टीने मात्र हापशाला पाणी आले म्हणजेच ते निकाली निघते. पडद्यावर एकच शब्द ठेवला, तर आकडेवारी चांगली दिसेल आणि हंडा रिकामा राहील. म्हणून ‘पुढे पाठविली’, ‘दुरुस्ती केली’ आणि ‘तक्रारदाराने खात्री दिली’ असे तीन टप्पे वेगळे दाखवावेत. शेवटचा टप्पा पुरा करण्याचा अधिकार तक्रारदाराकडेच असावा. मात्र त्याचे उत्तर आलेच नाही, तर किती दिवस थांबावयाचे, हेही आराखड्याच्या वेळीच ठरवावे, म्हणजे कर्मचाऱ्यावर अन्याय होणार नाही.

हे काम केवळ संगणकतज्ज्ञांचे नव्हे. कोणत्या शब्दावर माणूस अडखळतो, हे शिक्षकास ठाऊक असते. तक्रार कोणत्या टेबलावर थांबते, हे अधिकाऱ्यास ठाऊक असते आणि गावकरी कशाला ‘काम झाले’ म्हणतात, हे पंचायत सदस्य जाणतो. या तिघांनी गावकऱ्यांसह एक दुपार कागदावरील पडद्यांसाठी दिली, तर त्यातील चुका खोडरबराने दुरुस्त होतील. प्रणाली १९ तालुक्यांत पसरल्यावर त्याच चुका दुरुस्त करण्यास वेळ व पैसा दोन्ही लागतील आणि तोवर त्यांचा भार तक्रारदारालाच सोसावा लागेल.