उदगीरचा खंदक आणि इराणचे जुने बादशहा

शाळेची सहल घेऊन आम्ही उदगीरच्या किल्ल्यावर गेलो होतो. खंदकाजवळ सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, खंदक हा शब्द मराठी की उर्दू?" आम्ही म्हणालो, "दोन्ही. पण दोघांच्याही आधी तो इराणी."

जुन्या इराणी बोलीत 'कंदक' म्हणजे खणलेली जागा. अरबीत जाऊन त्याचा 'खंदक' झाला. हिजरी 5 मध्ये मदिनेवर चाल आली, तेव्हा खंदक खणण्याचा सल्ला हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी दिला, हे आपल्याला माहीतच आहे. तोच शब्द पुढे दख्खनच्या किल्ल्यांपर्यंत आला. पण हे इराणी लोक मोठे झाले कसे आणि बुडाले कसे, हे मात्र आपण मुलांना क्वचितच सांगतो.

सायरस हा पार्स नावाच्या प्रांताचा लहानसा राजा. इ.स.पू. 550 च्या सुमारास त्याने आपल्यावर हुकूमत करणाऱ्या मीड लोकांना हरवले आणि इ.स.पू. 539 मध्ये बाबिलोन घेतले. तिथे आणून ठेवलेल्या यहुद्यांना त्याने मायदेशी जाऊ दिले. जिंकलेल्यांच्या धर्माला हात लावायचा नाही, ही त्याची रीत होती. कुरआनातील जुलकरनैन म्हणजे हाच सायरस, असे मत मौलाना अबुल कलाम आझाद यांनी मांडले होते. सगळे आलिम ते मानत नाहीत, पण सायरसची कीर्ती किती दूरवर गेली ते यावरून कळते.

खरी घडी बसवली ती दारा म्हणजे डेरियस पहिला याने. राज्याचे वीसेक प्रांत केले आणि प्रत्येकावर एक क्षत्रप नेमला. सिंधूकाठचा 'हिंदुश' हाही त्यातलाच एक. सुसा ते सार्डिस असा सुमारे 2,500 किलोमीटरचा शाही रस्ता होता. टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे तयार असायचे. पायी तीन महिने लागणाऱ्या वाटेवर सरकारी टपाल काही दिवसांत पोचायचे. 'क्षत्रप' हा शब्द तर आपल्या महाराष्ट्रातही आला. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचे नाव कोरलेले आहे आणि त्याच्या घराण्याचा पराभव केला तो पैठणच्या गौतमीपुत्र सातकर्णीने. आपण रोज म्हणतो तो 'शहर' शब्दही 'क्षत्रप'च्याच मुळातून आलेला, बरं का!

मग एवढे राज्य बुडाले कसे? ग्रीकांशी लढताना इ.स.पू. 480 मध्ये सलामिसला आरमार हरले, पण खरी कीड आतून लागली. गादीसाठी महालात खून पडू लागले. क्षत्रप बंड करू लागले. कराचे सोने-चांदी खजिन्यात साचत गेले आणि लढायला भाडोत्री सैन्य आले. सिकंदर आला तेव्हा चार-पाच वर्षांत सगळे आटोपले. इ.स.पू. 330 मध्ये पर्सेपोलिसची राजधानी जळाली. त्याच वर्षी शेवटचा बादशहा दारा तिसरा मारला गेला, तोही सिकंदराच्या हातून नव्हे, तर बेसस नावाच्या त्याच्याच क्षत्रपाकडून. ज्या खांबांवर घर उभे होते, त्यांनीच घर पाडले.

आमच्या मते यापेक्षाही मोठा ऱ्हास पुढे झाला. पहिल्या दाराने बेहिस्तूनच्या कड्यावर आपली हकिकत तीन भाषांत कोरून ठेवली होती. दगड जागेवर राहिला, पण वाचणारे संपले. दोन हजार वर्षे लोक खालून बघत गेले आणि कोणालाच त्यातले अक्षर लागले नाही. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी ते कोडे सोडवले तेव्हा कुठे दारा पुन्हा बोलू लागला.

आता आपल्याकडे बघू. इराणी भाषा पुढे नव्या लिपीत फारसी म्हणून फुलली. बहमनी काळापासून ती दख्खनच्या दरबारात होती. कंधार, औसा, उदगीरच्या किल्ल्यांत तिचे शिलालेख आहेत. हैदराबाद राज्यात 1880 च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. आज नांदेड-लातूरमध्ये कितीतरी घरांत इनामाचे मुंतखब, मशिदीच्या आणि दर्ग्याच्या जमिनीचे जुने कागद ट्रंकेत पडून आहेत. घरातल्या कोणालाच ते वाचता येत नाहीत. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन दफ्तर उघडले आणि उर्दू, फारसी, मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. म्हणजे हा प्रश्न एका समाजाचा नाही, सगळ्या मराठवाड्याचा आहे.

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. घरातला जुना कागद आधी फोटो काढून ठेवा. गावातल्या जाणत्या मौलवीसाहेबांकडून किंवा उर्दूच्या शिक्षकांकडून वाचून घ्या, मराठीत लिहून काढा. आणि घरातल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला ती लिपी शिकवा. बेहिस्तूनचा कडा दोन हजार वर्षे थांबला. ट्रंकेतला कागद तेवढा थांबणार नाही, त्याला वाळवी लागते.