बारा म्हणजे दीड: जुन्या पोर्टचे आणि केबलचे वेग कसे वाचायचे

आजच्या भागात आकडे जरा जास्त आहेत. ऐकताना निसटतील, म्हणून बोललो ते जवळजवळ तसंच इथे उतरवलंय. हिशेब तेवढे नीट मांडलेत.

तर झालं काय, नाशकात रविवार कारंजाजवळ ओळखीच्या एका काकांचा फोटो स्टुडिओ आहे. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला, "अरे, जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टक्-टक् आवाज करतेय. त्यात २००३ चं एक लग्न आहे. मुलीकडच्यांना पाहिजे, त्यातले आजोबा आता नाहीत." मिनी डीव्ही कॅसेट केव्हाच पुसून परत वापरली होती. म्हणजे आजोबांचं हसणं-बोलणं जे काही उरलं होतं, ते त्या डिस्कवर.

फाइल होती ४० जीबीची. मिनी डीव्हीचं चित्रण तासाला साधारण १३ जीबी खातं, म्हणजे तीन तासांचं लग्न. मी मागचा यूएसबी पोर्ट पाहिला. यूएसबी १.१, वेग १२. मनात भागाकार केला आणि बोलून गेलो, "काका, तासाभरात होईल."

बाह्य डिस्क जोडून कॉपी सुरू केली, तर स्क्रीनवर अकरा तास! मरणाला टेकलेली डिस्क अकरा तास चालवायची? लगेच थांबवलं.

चूक माझीच होती. तो आकडा १२ मेगाबिटचा होता आणि मी १२ मेगाबाइट धरले. आठ बिट मिळून एक बाइट होतो. १२ भागिले ८ म्हणजे दीड मेगाबाइट. त्यातला काही भाग देवाणघेवाणीच्या नियमांत जातो, हातात पडतो सेकंदाला साधारण एक. ४० हजार मेगाबाइट, ४० हजार सेकंद, म्हणजे अकरा तास. बीटेक करून हे!

मग हा घोळ होतो का?

कारण मोजायच्या पद्धती दोन आहेत. तारेतून बिटामागून बिट जातो, म्हणून नेटवर्कवाले बिट मोजतात. फाइल बाइटमध्ये साठते, म्हणून डिस्कवाले बाइट मोजतात. जुनी आयडीईची चपटी पट्टी एका वेळी १६ बिट, म्हणजे सरळ दोन बाइट न्यायची. त्यामुळे एटीए-१०० मधले १०० हे मेगाबाइटच असतात. तिथे आठने भागायचं नाही.

आता एकेक आकडा सेकंदाला मेगाबाइटमध्ये आणू. हे सगळे कागदावरचे वेग आहेत, प्रत्यक्षात कमीच मिळतात.

- ५६ किलोबिटचा डायल-अप: ०.००७, म्हणजे ७ किलोबाइट
- यूएसबी १.१, १२ मेगाबिट: १.५
- लॅन, १०० मेगाबिट: १२.५
- फायरवायर ४००: सुमारे ५०
- यूएसबी २.०, ४८० मेगाबिट: ६०
- एटीए-१००: १००
- गिगाबिट लॅन: १२५
- पहिली साटा, १.५ गिगाबिट: १५०

शेवटच्या ओळीत थोडं थांबा. १५०० भागिले ८ केलं तर १८७.५ येतं, मग १५० कसे? साटामध्ये प्रत्येक आठ बिटांसाठी तारेवर दहा बिट पाठवतात, म्हणून तिथे दहाने भागायचं. लॅनच्या १०० मध्ये असा जादा भार आधीच वगळलेला असतो, म्हणून तिथे आठच.

सीडी ड्राइव्हचं गणित आणखी निराळं. त्यावरचा 'एक्स' म्हणजे १५० किलोबाइट. ५२ एक्स म्हणजे ७.८ मेगाबाइट, आणि तेही सीडीच्या बाहेरच्या कडेला पोचल्यावर.

इंटरनेटचंही तेच. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट असं ठरलं होतं. त्या वेगाने डाउनलोडच्या खिडकीत दिसायचे ३२ किलोबाइट. ५ एमबीचं गाणं उतरायला अडीच मिनिटांहून जास्त लागायची. कुणी फसवत नव्हतं, एकक वेगळं होतं. २०२३ मध्ये ती व्याख्या २ मेगाबिटवर गेली, म्हणजे २५० किलोबाइट.

आता परत स्टुडिओत

वाटेतला सगळ्यात हळू टप्पा जो असेल, तोच सगळ्यांचा वेग ठरवतो. एवढ्या जुन्या डिस्कची चकती ३०-४० मेगाबाइट देते, पट्टीवर १०० लिहिलेले असोत की १३३. आमची अडचण डिस्कची नव्हतीच, पोर्टची होती. कॅमेऱ्यासाठी फायरवायर होतं, पण माझ्या लॅपटॉपला नव्हतं. डिस्क काढून यूएसबी २.० च्या कन्व्हर्टरला लावली असती तर वीस-पंचवीस मिनिटांत काम झालं असतं. पण दुकानं बंद झाली होती.

लॅनचा पोर्ट मात्र होता, शंभरचा. काकांच्या ड्रॉवरमध्ये केबल सापडली. लॅपटॉपला थेट जोडली, फोल्डर शेअर केला. कागदावर १२.५, हातात पडले साधारण १०. ४० हजार भागिले १० म्हणजे चार हजार सेकंद. एक तास दहा मिनिटांत फाइल आली. आम्ही तिघं, म्हणजे काका, त्यांचा मुलगा आणि मी, त्या टक्-टक्कडे कान लावून बसलो होतो.

फाइल उघडली. मांडवात आजोबा कुणाला तरी पंगतीत बसायचा आग्रह करत होते. काका म्हणाले, "आता दोन ठिकाणी ठेव."

तेव्हा मंडळी, जुन्या डिस्कला हात लावण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: आकडा बिटचा की बाइटचा, भागायचं आठने की दहाने, आणि वाटेत सगळ्यात हळू कोण. आलेल्या वेळेत थोडी भर घाला, मगच समोरच्याला तास सांगा. भेटू पुढच्या भागात!