पेन ड्राइव्ह भरलेला, तरी कोरा

मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरा कागद पाठवला आणि तो पाहून मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा अजून कोराच. ही कथा इकडच्या पोरासोरांनाही पाठ असते. कुणाच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज मारायला बसलो की मला ती हटकून आठवते. पाच जीबीची आयएसओ फाइल पेन ड्राइव्हमध्ये टाकलेली असते, घरचे म्हणतात, "सगळं भरलंय की यात." लॅपटॉपच्या लेखी मात्र तो ड्राइव्ह कोरा असतो.

गैरसमज इथूनच सुरू होतो. फाइल कॉपी करणं आणि ड्राइव्ह बूटेबल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कची बांधलेली मोट. ती रूफससारख्या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर सोडवून मांडावी लागते. व्हेंटॉय हा प्रोग्रॅम ड्राइव्हवर एकदा बसवलेला असेल, तर मात्र नुसती फाइल टाकून भागतं. रूफस वापरताना किंवा व्हेंटॉय बसवताना ड्राइव्हवरचे लग्नाचे फोटो पुसले जातात, हे आधी सांगितलेलं बरं.

"पेन ड्राइव्ह दिसत नाही, म्हणजे लॅपटॉप गेला." हे वाक्य दुकानात रोज ऐकू येतं. बहुतेक वेळा लॅपटॉप ठणठणीत असतो, फक्त दोघांची भाषा जुळत नाही. साधारण 2012 पूर्वीचे बरेचसे लॅपटॉप जुन्या बायोस पद्धतीने सुरू होतात, नंतरचे यूईएफआयने. विंडोजच्या बाबतीत बायोसची जोडी डिस्कच्या एमबीआर मांडणीशी, यूईएफआयची जीपीटीशी. ही जोडी चुकली की सेटअप डिस्कपर्यंत पोचतो आणि म्हणतो, या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही. लोक घाबरून सगळी पार्टिशन उडवतात. खरं तर अनेकदा पेन ड्राइव्ह योग्य पद्धतीने पुन्हा बनवला की काम होतं. बूट मेनूत तोच ड्राइव्ह दोनदा दिसला, तर नावाआधी यूईएफआय लिहिलेला कोणता आणि साधा कोणता, हे पाहून निवडायचं. काही एसर लॅपटॉपवर एफ12 दाबून काहीच होत नाही, कारण तो मेनू बायोसमध्येच बंद असतो. आधी एफ2ने आत जाऊन तो चालू करावा लागतो.

निळा पोर्ट वेगवान, म्हणून ड्राइव्ह तिथेच लावायचा? विंडोज 7च्या सेटअपमध्ये यूएसबी 3.0चे ड्रायव्हर नव्हतेच. सुरुवात होते, मग तो सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर मागत बसतो. काळ्या, म्हणजे यूएसबी 2.0च्या पोर्टमध्ये लावा, बहुधा पुढे सरकतो.

पेन ड्राइव्हऐवजी जोडलेला बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह नुसता घरघरत राहिला, तर तो खराबच असेल असं नाही. यूएसबी 2.0चा पोर्ट 500 मिलिअँपिअरपर्यंतच करंट देतो, काही ड्राइव्हना तेवढ्यावर भागत नाही. दोन तोंडांची केबल मिळते, ती वापरून पाहावी.

एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरच विंडोज टाकून ती कुठेही नेऊ, हा बेतही सेटअप मोडतो. यूएसबीने जोडलेल्या डिस्कवर तो विंडोज बसवतच नाही. लिनक्स बसतं. फक्त बूटलोडर आतल्या डिस्कवर जाऊ देऊ नका, नाहीतर एक्स्टर्नल काढल्यावर मूळ विंडोजही उठायची नाही.

आता मोठा प्रश्न. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट संपला. म्हणून जुन्या लॅपटॉपवर सरळ 11 मारून घ्यायची, असं अनेकांना वाटतं. तिला टीपीएम 2.0 लागतं, आणि ती 32 बिटमध्ये मिळतच नाही. युक्तीने टीपीएमची अट चुकवता येते, पण 11च्या 24एच2 आवृत्तीपासून फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज सुरूच होत नाही. तिथे युक्ती चालत नाही. माझं मत विचाराल तर अशा लॅपटॉपवर एसएसडी टाकून लिनक्स मिंट घ्या. सी-डॅकचं बॉस लिनक्सही आहे, त्यात मराठी चालतं.

आणि बॅटरी मेलेली असेल तर लाईटचा भरवसा नको. सत्तर टक्क्यांवर लाईट गेली की पहिल्यापासून सुरुवात. इन्व्हर्टरवर जोडा, मगच बसा.