सूप सांगितले, तूप आणले

वडीगोद्री हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले गाव. धुळे–सोलापूर महामार्गावरचे. गाड्यांची घरघर इथे नेहमीचीच.

समजा, या गावातले एक म्हातारबाबा बाजाराला निघाले आहेत. रस्त्याने ट्रक चालला आहे. शेजारी पिठाची गिरणी चालू आहे. सून दारातून ओरडून सांगते, "मामा, येताना सूप आणा बरं का!" बाबा मान हलवतात. संध्याकाळी येतात ते तूप घेऊन! पैसे गेले, वर घरात हसे झाले.

सून म्हणते, "रात्री वासरू हंबरलं तर मामांना ऐकू येतं. मी सांगितलेलं तेवढं येत नाही!"

पण यात बाबांचा दोष नाही. असे का होते, ते पाहू.

ऐकण्याची कामे दोन आहेत. एक कानाचे, दुसरे मेंदूचे.

आवाज कानात शिरला की कानाचा पडदा थरथरतो. पडद्यामागे तीन बारीक हाडे आहेत. ती ही थरथर आत पोचवतात. आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात पाणी असते आणि सुमारे 15,000 बारीक पेशी असतात. पेशींवर केसांसारखे तुरे असतात. ते हलले की आवाजाची खबर नसेतून मेंदूकडे जाते.

कान सगळेच आवाज आत घेतो. ट्रक, गिरणी आणि सूनही. त्यातून बोलणे वेगळे काढायचे काम मेंदूचे. बाई सुपाने पाखडते, दाणे ठेवते, फोलपट उडवते. तसेच हे काम.

मेंदू पाखडतो कसा? उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो. फरक असतो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तेवढ्यावरून मेंदू आवाजाची दिशा ओळखतो. ओळखीचा गळा तो चटकन धरतो. एखादे अक्षर निसटले तर मागच्यापुढच्या शब्दांवरून अंदाज बांधतो.

कॉलिन चेरी नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1953 साली यावर प्रयोग छापले. माणसाच्या एका कानात एक बोलणे, दुसऱ्या कानात दुसरे सोडले. एकच म्हणून दाखवायला सांगितले. ते माणसाला जमले. पण दुसऱ्या कानात काय चालले होते, ते त्याला जवळजवळ काहीच सांगता आले नाही. मेंदूने ते बाजूला सारले होते.

वय झाले की कानातल्या पेशी मरू लागतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. बारीक, तीक्ष्ण आवाज पकडणाऱ्या पेशी आधी जातात. स, श, त, च हे आवाज तसलेच. म्हणून "ऊप" ऐकू येते, पण पुढचे अक्षर "स" की "त" ते कळत नाही. त्यातच मेंदूचे पाखडणेही मंदावते. शांत रात्री बाबांना बरेच ऐकू येते. गलबल्यात मात्र गोंधळ होतो. कधी कधी कान तपासणीत ठीक निघतात, तरी गलबल्यात बोलणे समजत नाही.

अशा माणसाला हसू नका. हसले की ते पारावर जायचे सोडते, बोलायचे सोडते, एकटे पडते. शिवाय सूप-तूप चालून जाईल. पण औषधाची गोळी किती आणि केव्हा घ्यायची, हे चुकीचे ऐकले तर जिवावर बेतेल.

मग करावे काय? नुसते ओरडू नका. ओरडण्याने "ऊ" मोठा होतो, "स" तसाच राहतो. आधी टीव्ही बंद करा. जवळ जा, उजेडात समोर उभे राहा. ओठ दिसले की निम्मे काम होते. सावकाश बोला. कळले नाही तर शब्द बदला. "धान्य पाखडायचं सूप" म्हणा, चूक होणार नाही.

डॉक्टरला कान दाखवा. कधी नुसता मळ साचलेला असतो. काडी घालू नका, गरम तेल ओतू नका. एक कान अचानक बंद झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग ही सरकारी संस्था आहे. तिथे कान तपासतात. यंत्र लावले तर धीर धरा. ते गोंगाटही मोठा करते. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात.

आणि बाबांनीही लाजू नये. मान हलवण्याआधी विचारावे, "सूनबाई, काय आणू म्हणालीस? पुन्हा सांग."